नगारखान्याखाली, संध्याकाळी सात

२२ सप्टेंबर, जेवणानंतर

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. मोठी माणसं ठेवतात म्हणून ठेवायची.

निवृत्त झालो वसंतात. डेपोत असताना माझी शिट्टी वाजल्याशिवाय एक बस दक्षिण वेशीतून बाहेर पडत नव्हती. आता घरात मी मोठ्याने शिंकलो तरी कोणी मान वर करत नाही. घरात कोणी म्हणजे गुइचिन. बायको.

पण आज अंघोळ करताना कल्पना सुचली. आमच्या शीआन शहरात लोक येतात, दिवसा मातीचे सैनिक बघतात आणि रात्री मोकाट सुटतात. मशिदीजवळच्या मोठ्या रस्त्यावर दिसेल ते काडीला टोचून खातात. त्यांना सांगायला कोणी नाही. मी सांगणार. तट, घंटाघर, नगारखाना, मग मागच्या गल्ल्या आणि खाणं. सगळं शिस्तीत. ‘तुंग यांची रात्रदर्शन सहल’. माझ्यामागे पुन्हा माणसं चालतील. एवढंच पाहिजे मला, खोटं कशाला बोलू.

गुइचिनला जेवताना सांगितलं. तिने चॉपस्टिक खाली ठेवल्या. म्हणाली, मीपण येऊ का, मला त्या गल्ल्या माहीत आहेत. मला हसूच आलं. प्रेमाने समजावलं की बाई, यात अभ्यास लागतो. तू सूतगिरणीत तुटलेले धागे जोडलेस, तटाच्या विटांचं प्रकरण वेगळं. ती उठून भांडी घासायला गेली. पटलं असावं.

२४ सप्टेंबर

तयारी जोरात. घंटाघरापाशी पाऊण तास भाषण, नगारखान्याखाली अर्धा तास, मग खाणं. भुकेल्या माणसाचं लक्ष चांगलं लागतं.

निंगचा शेन्झेनहून फोन. लेक हुशार आहे, सहल मोबाईलवर टाकून दिली. माझा फोटो मागितला. गणवेशातला पाठवला, तोंडात शिट्टी असलेला. म्हणाली, बाबा, हसरा नाही का एखादा. शोधला. नाही.

नियम ठरवले. चालताना खायचं नाही. खाताना फोटो काढायचे नाहीत. खाण्याआधी प्रश्न नाहीत, खाल्ल्यावर वेळ नाही.

२६ सप्टेंबर, रात्री उशिरा

पहिली सहल. माझ्या मते यशस्वी.

चेंगडूहून नऊ जण आले होते. तटाच्या विटा बसवताना चुन्यात चिकट तांदळाची खळ घालायचे, हे मी सांगत होतो. ‘तांदूळ’ म्हटल्याबरोबर एका बाईने विचारलं, जेवण कधी. चेंगडूच्या लोकांना इतिहासाचं वावडं. नगारखान्यापर्यंत पाच राहिले, मशिदीमागच्या गल्लीत तीन. जिया मालकाच्या दुकानात शिरताना मागे वळून पाहिलं तर एकच. तोही स्वच्छतागृह शोधत होता.

एका माणसाने मनापासून ऐकलं तरी पुरे. त्याला बसवलं. जियाकडचा मेंढीचा रस्सा म्हणजे शीआनचा प्राण, पण तो असा मिळत नाही. आधी रोट हाती येतो, घट्ट आणि अर्धकच्चा. तो आपल्या बोटांनी कुस्करायचा, सोयाबीनच्या दाण्याएवढा, एकही कण मोठा नाही. मग वाडग्याला आपला नंबराचा चिमटा लावून आत पाठवायचा. आचारी वाडग्यात बघून माणूस ओळखतो. बारीक कण दिसले की रश्श्यात जपून शिजवतो. ढेकळं दिसली की समजतो, बाहेर कोणीतरी उपरा बसलाय.

पाहुण्याने ढेकळं केली. मी वाडगा अडवला. पुन्हा कुस्करायला लावली. मी कोणाची गय करत नाही. लग्नानंतर गुइचिनला इथे एकदाच आणलं होतं, तेव्हा तिचाही वाडगा भर दुकानात परत फिरवला होता. तिने पुन्हा कधी माझ्याबरोबर यायचा हट्ट धरला नाही. शिस्त लागते ती अशी.

पाहुणा स्वच्छतागृहाला गेला तो आला नाही. त्याचा वाडगा मीच संपवला.

१ ऑक्टोबर

राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा सुरू. नगारखान्याच्या कमानीखाली मुंगी शिरायला जागा नाही. माझे पाहुणे सहा. शिट्टी वाजवली की त्यांनी एका रांगेत यायचं, असं ठरलं होतं. वाजवली. गल्लीतल्या सगळ्या स्कूटर थांबल्या. पर्सिमन फळाचे गोड वडे तळणारी बाई दचकली आणि तिच्या हातून झारा पडला. तिने माझ्या आईवडिलांपासून सुरुवात केली. पोलिसाने शिट्टी काढून घेतली. डेपोची शिट्टी. मी त्याला सांगितलं, ही सरकारी वस्तू आहे. तो म्हणाला, म्हणूनच.

या गोंधळात पाहुणे पळाले. कुठे पळाले तेही पाहिलं. पुढे एक लाल छत्री होती. पाऊस नाही, ऊन नाही, रात्रीची वेळ, आणि छत्री. तिच्याखाली कोणी बाई असावी, गर्दीत दिसली नाही. तिच्याभोवती वीस-पंचवीस लोक, सगळे खात होते. चालता चालता! हसतही होते. माझे सहा त्यात मिसळून गेले. वळूनसुद्धा पाहिलं नाही एकाने.

याला दगा म्हणतात. दुसरा शब्द नाही.

३ ऑक्टोबर

छत्रीवाली पुन्हा. लांबून आवाज ऐकला, छोट्या माईकवरून येत होता. शब्द कळले नाहीत. पण आवाजात काहीतरी डोक्यात जाणारं आहे. कोणीतरी मला कचऱ्याची पिशवी खाली नेऊन टाकायला सांगतंय असं वाटतं.

निश्चय: भाषण कमी करायचं नाही. तिच्या पातळीला उतरायचं नाही.

७ ऑक्टोबर

संकटात घरच्यांचा आधार असतो म्हणतात. गुइचिन संध्याकाळी घरी नसतेच. तटाखालच्या बागेत बायकांचा नाच असतो, तिकडे जाते. मी परततो तेव्हा तीही नुकतीच आलेली. जेवत नाही, भूक नाही म्हणते. घसा बसलाय. नाचायला घसा कशाला लागतो विचारलं तर म्हणाली, मोजावं लागतं ना, एक-दोन-तीन-चार. बाहीवर तिखट तेलाचा डाग होता. नवे बूट घेतलेत, चालायचे.

या वयात नाचाचं एवढं वेड बरं नव्हे. पण मी बोललो नाही. मी समंजस आहे.

१२ ऑक्टोबर

मोबाईलवर माझ्या सहलीबद्दल पहिला अभिप्राय आला. ‘काका फार ज्ञानी आहेत. आम्ही फार उपाशी होतो.’ पहिलं वाक्य मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला लावलं.

गुइचिनने वाचलं. म्हणाली, अरे म्हाताऱ्या, आधी त्यांना काहीतरी चारत जा, मग बोलत जा. माणूस चावताना ऐकतो. मी म्हटलं, तू एक-दोन-तीन-चार मोज.

१६ ऑक्टोबर

जियानेही दगा दिला.

खिडकीजवळचं गोल टेबल माझं आहे. मी तिथे बसतोय तेव्हापासून जेव्हा हा जिया बापाच्या हाताखाली कांदे सोलत होता. आज दोन पाहुणे घेऊन गेलो तर टेबलावर पाटी: राखीव. कोणासाठी, विचारलं. जिया लसणाच्या बरणीत बघत म्हणाला, तुंगभाऊ, त्या छत्रीवाल्या मावशी रोज मोठा ग्रुप आणतात, तुम्ही मागच्या दाराजवळ बसाल का. मागच्या दाराजवळ मेंढ्यांची हाडं ठेवतात.

मी विचारलं, कोण आहे ही बाई, नाव काय. जियाने माझ्याकडे असं पाहिलं की त्याला एकदम माझी दया आली असावी. कशाबद्दल ते कळलं नाही. आत आधण उतू जातंय म्हणाला आणि गेला. मला कुठेही काही उतू जाताना दिसलं नाही.

हाडांजवळ बसलो. पाहुण्यांना सांगितलं, जाणकारांची जागा हीच.

२० ऑक्टोबर

एकही नोंदणी नाही. तरी सातला नगारखान्याखाली हजर. शिस्त म्हणजे शिस्त.

शेवटी छाओला फोन केला. छाओ डेपोतला जुना मित्र, तटाखाली बुद्धिबळ खेळत असतो. आला बिचारा, गुडघा दुखत असताना. त्याला सगळी सहल दिली, पूर्ण भाषणासकट. घंटाघरापाशी कठड्याला टेकून त्याने डोळे मिटले. एकाग्रता. नंतर घोरला.

२५ ऑक्टोबर

छाओने बातमी आणली. त्याच्या सुनेच्या मैत्रिणी छत्रीवालीच्या सहलीला जाऊन आल्या. सगळ्या रडत परतल्या म्हणे. बाई विधवा आहे. नवरा वसंतात गेला. फार प्रेमळ माणूस होता. रोज संध्याकाळी तिला फिरायला न्यायचा, एकेक गल्ली त्याने तिला हात धरून दाखवली. आता ती त्याच वाटांनी लोकांना नेते.

मला खरंच वाईट वाटलं. वसंतात मीही निवृत्त झालो. तो वसंत वाईटच होता. पण धंद्यात रडणं आणणं मला पसंत नाही. मेलेल्या नवऱ्याशी स्पर्धा कशी करायची?

रात्री गुइचिनला सगळं सांगितलं. म्हटलं, बघ, काय एकेक नवरे असतात, आणि काय एकेक बायका, त्याच्या नावावर लोकांना रडवतात. गुइचिनला चहाचा ठसका लागला. इतका, की पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. हळवी आहे.

३० ऑक्टोबर

निश्चय: शत्रूच्या गोटात शिरायचं. छाओच्या मोबाईलवरून, छाओच्या नावाने छत्रीवालीच्या सहलीत जागा घेतली. शनिवारी सात वाजता. टोपी, मास्क, छाओचा जाडा चष्मा. तिच्या चुका टिपून घेणार आणि मोबाईलवर टाकणार. चुन्यातल्या तांदळाबद्दल तिला माहीत असेल यावर माझा विश्वास नाही.

गुइचिन शनिवारीही नाचायला जाणार आहे. बरंच झालं.

२ नोव्हेंबर

जसं घडलं तसं लिहितो.

छत्रीवाली म्हणजे गुइचिन.

माझी गुइचिन. केस विंचरून, तो निंगने दिलेला निळा कोट घालून, कॉलरला माईक. चष्म्यातून सगळं धूसर होतं म्हणून आधी वाटलं, तिची बहीण. मग ती म्हणाली, ‘चला, आधी सगळ्यांनी काहीतरी तोंडात टाका,’ आणि पर्सिमनचे वडे वाटले. तेच वडे, त्याच बाईचे, जिने माझ्या आईवडिलांना शिव्या दिल्या होत्या. ती गुइचिनला ताई म्हणते.

मी तिथेच ओरडायला हवं होतं. नाही ओरडलो. तोंडात वडा होता.

लोक तिच्यामागे चालत होते. शिट्टी नाही, रांग नाही, छत्री वर केली की बस. ती कुठेच पाच मिनिटांहून जास्त थांबली नाही. तटाखाली उभी राहिली आणि एवढंच म्हणाली की या विटा तांदळाच्या खळीने चिकटवल्यात, म्हणून आमचं शहर भुकेलं दिसतं. सगळे हसले. तांदूळ माझा! माझ्या भाषणातला! घरात मी सराव करत होतो तेव्हा ही भांडी घासत ऐकत होती तर.

मग मागच्या गल्लीत, दिवा जरा कमी आहे तिथे, ती थांबली. आवाज हळू झाला. म्हणाली, ‘आमचे हे गेले वसंतात. फार बोलायचे नाहीत. संध्याकाळ झाली की म्हणायचे, गुइचिन, चल, चालून येऊ.’

माझ्या शेजारच्या पोरीने नाक ओढलं.

मी आयुष्यात असं म्हटलेलं नाही. मला चांगलं आठवतं. कधीच नाही.

आणि ‘हे’! ‘म्हणायचे’! मेलेल्याला अहोजाहो आणि मी रोज घरी अरे म्हाताऱ्या.

जियाकडे खिडकीजवळच्या टेबलावर सगळे बसले. मी मान खाली घालून. रोट आले. गुइचिनने आपला रोट हातात घेतला, बोटं ताठ झालीत तिची, गिरणीतल्या धाग्यांनी, नीट मिटत नाहीत. म्हणाली, माझ्याकडून बारीक होत नाही, म्हणून हे आधी माझा रोट कुस्करायचे, मग स्वतःचा. मी नुसती बसून बोलायची. जिया गल्ल्यावरून म्हणाला, ‘देवमाणूस होता.’ सरळ माझ्याकडे बघत म्हणाला. चष्मा, मास्क, टोपी, सगळं पार करून. ओळखलं होतं मला. तरी म्हणाला.

तिची बोटं दुखतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी काय कुस्करलं मला माहीत नाही. वाडगा आत गेला आणि परत आला. पोऱ्याने सगळ्यांसमोर माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, काका, आचारी म्हणतात ढेकळं आहेत, पहिल्यांदाच आलात का?

माणसाला एका संध्याकाळी किती जणांनी दगा द्यावा?

३ नोव्हेंबर, सकाळ

रात्रभर झोप नाही. ती घोरत होती. विधवा.

३ नोव्हेंबर, दुपार

बोललो. सगळं बोललो. मला वाटलं रडेल, माफी मागेल. ती वाटाणे सोलत होती, सोलत राहिली. म्हणाली, चष्मा छाओचा होता ना, मी कमानीखालीच ओळखलं.

मी म्हटलं, मी जिवंत आहे. म्हणाली, दिसतंय. मी म्हटलं, तू मला मारलंस, अख्ख्या गावासमोर, अपशकुनाचंसुद्धा काही वाटलं नाही तुला. आणि मेलो तर मेलो कशाने, ते तरी सांग. म्हणाली, कोणी विचारत नाही. मी म्हटलं, मला आजारी ठेवता आलं असतं. परगावी पाठवता आलं असतं.

तेव्हा तिने वाटाणे खाली ठेवले.

म्हणाली, ‘पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, मावशी, या गल्ल्या तुम्हाला कोणी दाखवल्या. काय सांगू? तुझी दुपारची पाळी असायची तेव्हा मी संध्याकाळी एकटीच फिरायची. सकाळची असायची तेव्हा तू झोपायचास, तेव्हाही एकटीच. वर्षानुवर्षं. एकटी फिरायची म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो. नवरा वारला म्हटलं की त्यांना बरं वाटतं.’

मी म्हटलं, आणि रोट? मी कधी तुझा रोट कुस्करला?

‘तू नाही,’ ती म्हणाली. ‘ते.’

मग पुन्हा वाटाणे सोलायला लागली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला राग आलाय की दुसरं काही झालंय हे कळत नाही. राग म्हणून लिहून ठेवतो.

३ नोव्हेंबर, रात्र

निंगला फोन. तिला माहीत होतं. तिनेच आईची सहल मोबाईलवर टाकली, माझी टाकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. फोटो हसरा होता म्हणे. छाओला? त्याला पंचवीस तारखेला संशय आला होता, पण माझं मन मोडवेना. जियाला पहिल्यापासून. वडेवालीला, डाळिंबाच्या रसवाल्याला, पोलिसालाही. शीआनच्या तटाच्या आत एकच माणूस होता ज्याला माहीत नव्हतं, आणि तो शहराचा जाणकार म्हणवत होता. हे वाक्य खोडायचं आहे. उद्या खोडेन.

५ नोव्हेंबर

विचारांती निश्चय. मी हरलेलो नाही. तो जो कोणी ‘ते’ आहे, त्याने केलं ते मी दुप्पट करणार. चाललो नाही तर चालेन. रोट कुस्करला नाही तर कुस्करेन. माझ्यापेक्षा बारीक कोणी कुस्करत नाही. आठवड्याभरात गुइचिन स्वतः छत्री मिटवून लोकांना सांगेल की चूक झाली, आमचे हे आहेत.

घरी सराव चालू. रोट आणून ठेवलेत.

६ नोव्हेंबर

तिला म्हटलं, गुइचिन, चल, चालून येऊ. अगदी तसंच म्हटलं. ती म्हणाली, सातला माझे एकतीस जण आहेत. म्हटलं, नंतर. म्हणाली, नंतर पाय दुखतात. सोमवारी सुट्टी असते.

ठीक. सोमवार.

११ नोव्हेंबर, सोमवार

गेलो. दोघंच.

दक्षिण वेशीपासून खंदकाच्या कडेने चाललो. तटावर दिवे लागले होते. मी ठरवलं होतं की बोलायचं नाही. ‘ते’ फार बोलत नसत. पूल येईपर्यंत टिकलो. पण वेशीच्या बुरुजाबद्दल ती काहीतरी चुकीचं म्हणाली, तर दुरुस्ती करायला नको? केली. दुरुस्ती जरा लांबली. मी थांबलो तेव्हा ती पुढे जाऊन रसवाल्याशी बोलत उभी होती. त्याच्या सुनेची चौकशी करत होती. सगळ्या गल्लीची सगळी खबर तिला.

जियाने टेबल दिलं, खिडकीजवळचं. रोट आले. मी तिचा ओढून घेतला. म्हटलं, तू बस. बोल.

कुस्करायला लागलो. सोयाबीनचा दाणा म्हणजे दाणा, जराही मोठा नाही. तिने बोलायला सुरुवात केली. काहीतरी सांगत होती, गिरणीतल्या एका मैत्रिणीचं, रात्रपाळीत दोघी खिडकीत बसून दूरच्या घंटाघराचे दिवे बघायच्या असं काही. मी मध्येच म्हटलं, गुइचिन, बघ, कडेचा भाग असा आधी सोलून घ्यायचा, तू तेव्हा इथेच चुकली होतीस.

तिने मुरवलेल्या गोड लसणाची बशी जवळ ओढली.

मी म्हटलं, बोल ना. म्हणाली, झालं.

वाडगा आत गेला. आचाऱ्याने बाहेर येऊन बघितलं, कोणी इतकं बारीक केलं म्हणून. माझी छाती फुगली. तिला म्हटलं, बघितलंस. तिने रस्सा सगळा संपवला, गोड लसणासकट. चांगला होता म्हणाली. येताना मी विचारलं, मग, काय म्हणतेस, उद्यापासून मी जिवंत का?

तिने कोटाचं वरचं बटण लावलं, मग म्हणाली, ‘लाओ तुंग, राग मानू नकोस. मला त्यांची सवय झाली आहे.’

डेपोत सगळे मानाने लाओ तुंग म्हणायचे; आज पहिल्यांदा तीही म्हाताऱ्या म्हणाली नाही. तेवढंच लिहिण्यासारखं.

१५ नोव्हेंबर

माझी सहल मोबाईलवरून काढून टाकली. तात्पुरती. थंडीमुळे.

गुइचिनने विचारलं, मागे चालशील का? एकतीस लोकांत कोणीतरी चुकतंच, शेवटी एक माणूस लागतो. मी साफ नकार दिला. ज्याच्या शिट्टीवर बसगाड्या सुटायच्या त्याने शेपटाला चालायचं? जेवणानंतर विचारलं, किती वाजता यायचं. सातला. ते मला माहीत होतंच.

एक अट तिने घातली. कोण आहे ते कोणाला सांगायचं नाही. सांगितलं तर सहल बसते.

१९ नोव्हेंबर, घरी आल्यावर

शेपटाला चाललो. मागून सगळं वेगळं दिसतं. घंटाघर वर, आणि खाली नुसती डोकी. एक आजोबा पर्सिमनच्या वड्यापाशी रेंगाळले होते, त्यांना हाताला धरून पुढे आणलं. एका मुलाची बुटाची नाडी बांधली. भाषण केलं नाही. कोणी विचारलं नाही.

मागच्या गल्लीत, दिवा कमी आहे तिथे, गुइचिन थांबली. आवाज हळू झाला. आमचे हे गेले वसंतात, म्हणाली. आजचं जरा वेगळं होतं. आज तिने सांगितलं की रोट कुस्करताना ते एक शब्द बोलायचे नाहीत, मी गिरणीतली एक गोष्ट सांगायची, घंटाघराच्या दिव्यांची, ती ते शेवटपर्यंत ऐकायचे आणि मग विचारायचे, पुढे काय झालं?

मला ती गोष्ट पुढे काय होते माहीत नाही. मी शेपटाला होतो, वाऱ्याने माईकचा आवाज नीट येत नव्हता.

माझ्या बाजूला लांझोची एक तरुण बाई चालत होती. डोळे पुसत होती. म्हणाली, काका, तुम्ही यांच्याबरोबर काम करता ना, तुम्ही त्यांना ओळखत होता का, त्यांच्या मिस्टरांना?

मी म्हटलं, हो, डेपोत एकत्र होतो. पण फारसं बोलणं नव्हतं.